देवगडचा हापूस कसा पारखावा?

फाल्गुन सरून चैत्र लागला कीं मुंबईच्या प्रत्येक नाक्यावर, स्टेशनाच्या प्रत्येक जिन्यापाशीं आणि आमच्या चारकोपसारख्या उपनगराच्या प्रत्येक सेक्टरांत एकच आरोळी ऐकूं येते : 'देवगड हापूस !' हातगाडीवर तेंच नांव, टेंपोवर तेंच नांव, पुठ्ठ्याच्या पेटीवर तेंच नांव. आतां देवगड हा सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एक तालुका आहे. त्याच्या एका अंगास अरबी समुद्र आणि आंत जांभ्या दगडाचे सडे. एवढ्याशा तालुक्यांतील झाडांनीं कितीहि मनावर घेतलें, तरी या एका शहरांत त्यांच्या नांवानें विकला जाणारा सगळा आंबा त्यांना पुरवितां येणार नाहीं, हें त्रैराशिक शिकलेल्या कोणाच्याहि ध्यानांत येईल. मग उरलेला आंबा येतो कोठून ? आणि तो देवगडचा नव्हे, हें पैसे मोजण्यापूर्वीं ओळखावें कसें ? या दोन प्रश्नांविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. 'हापूस' हा शब्द 'अल्फान्सो' या पोर्तुगीज नांवाचा आपल्या जिभेनें केलेला अपभ्रंश आहे. १५१० सालीं गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनापति अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून तें नांव पडलें, असें सांगतात. आंब्याचें कलम बांधण्याची विद्या पोर्तुगीजांनीं गोव्यांत रुजविली आणि तेथून ती उत्तरेकडे कोंकणपट्टींत पसरली. कलम म्हणजे काय, हें नीट समजलें पाहिजे, कारण आजच्या विषयाची सारी मेख तेथेंच आहे. कोय पेरून जें झाड होतें तें आईबापांसारखें होईलच असा भरंवसा नसतो; म्हणून रायवळ आंब्यांत झाडागणिक चव निराळी. कलमाचें तसें नाहीं. कलमाचें झाड हें मूळ झाडाचेंच एक अंग असतें. अर्थात् देवगडचें हापूसचें कलम, रत्नागिरीचें हापूसचें कलम आणि धारवाडकडे नेऊन लावलेलें हापूसचें कलम हीं तिन्ही एकाच कुळाचीं, किंबहुना एकाच देहाचीं. फरक पडतो तो मातीनें, पाण्यानें आणि वाऱ्यानें.

म्हणूनच बनावट नाणें ओळखण्यापेक्षां बनावट देवगड ओळखणें अवघड आहे. खोट्या नाण्यांत धातूच निराळा असतो. येथें फळ पुष्कळदां हापूसच असतें; खोटें असतें तें त्याचें गांव. कर्नाटकांत 'बादामी' किंवा 'हापूस' या नांवानें पिकणारा आंबा हा कांहीं वाईट आंबा नव्हे. तो रंगानें देखणा असतो, अंगानें थोडा दणकट असतो आणि किंमतीला हलका असतो. तो आपल्या नांवानें आला तर त्याचें स्वागतच करावें. परंतु तो देवगडची पेटी पांघरून आला आणि देवगडचा भाव मागूं लागला, कीं तेथें लबाडी सुरू होते.

ही लबाडी कायद्यानेंहि गुन्हा ठरली आहे. आपल्या देशांत भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ सालीं संमत झाला आणि २००३ च्या सप्टेंबरांत अंमलांत आला. एखाद्या मुलखाच्या हवापाण्यामुळें जो माल विशेष गुणाचा होतो, त्याच्या नांवावर त्या मुलखांतील उत्पादकांचाच हक्क, असें त्याचें थोडक्यांत सार आहे. दार्जिलिंगच्या चहाला हें संरक्षण सर्वांत आधीं मिळालें. हापूस आंब्याला तें २०१८ च्या आक्टोबरांत मिळालें. पालघर, ठाणें, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या पांच जिल्ह्यांतील फळालाच हापूस हें नांव लावतां यावें, असें त्या नोंदणीचें क्षेत्र ठरलें. दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ आणि बागाइतदारांच्या सहकारी संस्था यांनीं त्यासाठीं पुष्कळ वर्षें खटपट केली होती. या कायद्याखालीं खोटें गांव सांगून माल विकणाऱ्यास निदान सहा महिन्यांची व जास्तींत जास्त तीन वर्षांची कैद, शिवाय पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. कायदा असा कडक आहे. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक हातगाडीपाशीं उभा राहूं शकत नाहीं. तेथें उभे असतां तें आपण.

नामांतर कोणत्या रीतीनें होतें तें आतां सांगतों. सर्वांत सोपी रीत पेटीची. 'देवगड' असें ठळक छापलेलीं रिकामीं खोकीं बाजारांत विकत मिळतात. त्यांत कोणता माल भरावा हें छापखाना सांगत नाहीं. दुसरी रीत कागदाची. परप्रांतांतून आलेल्या पेटींत तळाला त्या प्रांतांतील वर्तमानपत्र अंथरलेलें असे, आणि चतुर गिऱ्हाईक कानडी अक्षर पाहून माल कोठला तें ताडीत असे. ही खूण सर्वांना कळली, तेव्हां तो कागद काढून मराठी वर्तमानपत्र घालण्यांत येऊं लागलें. यास्तव ध्यानांत ठेवावें कीं, पेटींत कानडी कागद सांपडला तर तो पुरावा आहे. मराठी कागद सांपडला तर तो कसलाच पुरावा नव्हे.

तिसरी रीत मिसळीची आणि तीच अधिक फसवी. आमच्याच इमारतींतील एका गृहस्थांनीं मुलीच्या सासरीं पाठविण्याकरितां पांच डझनांची एक पेटी घेतली. विक्रेत्यानें पेटीचें तोंड उघडून वरचा थर दाखविला, एक फळ कापून खाऊंहि घातलें. फळ अस्सल होतें. पेटी सासरीं पोंचली. तेथल्या वृद्ध बाई मालवणाकडच्या. त्यांनीं वरचे दोन डझन वाखाणले आणि खालचे तीन डझन न बोलतां शेजाऱ्यांना वाटून टाकले. गृहस्थांना पैशांचें दुःख झालें नाहीं. आपण व्याह्यांकडे काय पाठविलें याची चुटपुट मात्र त्यांना वर्षभर लागून राहिली. श्रोतेहो, आंबा हें नुसतें खाद्य नव्हे, तो आपल्याकडे आहेर आहे, वाण आहे, अक्षय्य तृतीयेचा नैवेद्य आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ सालीं हातीं घेतलेल्या योजनेंतून आमचें चारकोप बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठीं वसविण्यांत आलें. अशा घरांतून वर्षाकांठीं एक-दोन डझन खरा हापूस आणावयाचा तर त्यासाठीं दुसरा कोठला तरी खर्च आवरावा लागतो. असे जपून ठेवलेले पैसे खोट्या नांवावर जाणें ही लहान गोष्ट नव्हे.

अशी फसवणूक आपल्याच देशांत होते असें मात्र समजूं नये. क्यूबा बेटांतील हावाना चिरुटांची ख्याति जगभर आहे. चिरूट ओढावा असें मी कोणास सुचवीत नाहीं, पण त्याची हकीकत बोधप्रद आहे. त्या बेटाच्या पश्चिमेकडील व्हुएल्ता आबाहो नांवाच्या मुलखांतील तंबाखूला जी लज्जत येते ती अन्यत्र येत नाहीं असें मानतात. म्हणून त्या चिरुटांना मोठी किंमत पडते आणि म्हणूनच त्यांच्या नकलाहि निघतात. यावर उपाय म्हणून क्यूबाच्या सरकारनें १९१२ सालीं कायदा करून प्रत्येक पेटीवर हमीची हिरवी पट्टी चिकटविण्यास आरंभ केला. नकली चिरूटवाल्यांनीं पट्टीहि नकली छापली. पुढें त्या पट्टींत प्रकाशांत रंग बदलणारें चित्र व क्रमांकाच्या रेघा आल्या. त्यांच्याहि प्रतिकृति झाल्या. तेथल्या जाणत्या गिऱ्हाइकांनीं यावरून जो धडा घेतला तोच आपणहि घ्यावा : पेटी, पट्टी आणि छाप यांना शेवटचे साक्षीदार मानावें, पहिला साक्षीदार माल स्वतः.

तर मालाची साक्ष कशी काढावी ? मी ती पांच पायऱ्यांनीं सांगतों.

पहिली पायरी पंचांगाची. देवगडचा पहिला आंबा जानेवारी-फेब्रुवारींत अगदीं थोडा येतो आणि तो सोन्याच्या भावानें जातो. मार्चच्या मध्यापासून आवक वाढूं लागते. एप्रिल व मेचा पूर्वार्ध हा त्याचा खरा हंगाम. पाऊस येण्यापूर्वीं बागा रित्या होतात. म्हणून फेब्रुवारींत कोणी स्वस्त देवगड देऊं लागला किंवा मृगाच्या सरी कोसळत असतां ताज्या देवगडची रास मांडून बसला, तर दोन्ही प्रसंगीं शंका घ्यावी. अलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरांतहि हापूस दिसतो. तो आफ्रिकेंतील मलावी देशाहून आलेला असतो. त्याचें नांव मलावीच असावें.

दुसरी पायरी नाकाची. हापूसचा वास हेंच त्याचें खरें मुद्रांकन. नीट पिकलेलें फळ देठापाशीं नाकाला लावावें. वास गोड, दाट आणि स्वच्छ असतो. हुंगण्यासाठीं श्वास ओढावा लागत नाहीं. घरांत चार आंबे ठेवले तर दाराशीं आलेल्या पाहुण्याला ते कळतात. परमुलखांतील हापूसला वास असतो, पण तो बहुधा मंद असतो. फळ पिवळें जर्द आहे आणि वास मुळींच नाहीं, असें असेल तर तें कोठलेंहि असो, घेऊं नये. मात्र कच्च्या फळाला वास नसतो, म्हणून ही परीक्षा पिकलेल्या किंवा पिकत आलेल्या फळाचीच करावी.

तिसरी पायरी डोळ्यांची. हापूसचा आकार लांबट गोल. त्याला चोंच नसते. बूड गोलसर असतें. चोंच दिसली तर तो पायरी, तोतापुरी किंवा आणखी कोणी. देठाजवळ दोन खांदे असतात, त्यांतील एक दुसऱ्यापेक्षां उंच. फळ झाडावर पुरतें तयार झालें असेल तर खांदे देठाच्या वर आलेले असतात व देठ लहानशा खळग्यांत बसलेलें दिसतें. कोंकणांतील बागाइतदार ही तयारी आण्यांत मोजतात. लांबच्या बाजारासाठीं ते 'चौदा आणे' फळ काढतात. खांदे उतरते आणि देठ वर उभें, तर फळ कोंवळें उतरविलें असें समजावें. रंगाविषयीं मात्र सावध असावें. आढींत पिकलेल्या हापूसचा रंग एकसारखा नसतो. पिवळ्यांत कोठें हिरवी झांक, कोठें केशरी छटा असते. पेटींतील सगळीं फळें एकाच रंगांत बुचकळून काढल्यासारखीं दिसूं लागलीं, तर तें सौंदर्य संशयास्पद होय.

चौथी पायरी हाताची. देवगडच्या आंब्याची साल पातळ असते. जांभ्या खडकाची जमीन, समुद्रावरून येणारा वारा आणि उन्हाळ्यांतील कोरडेपणा यांना त्याचें श्रेय देण्यांत येतें. पिकलेलें फळ तळहातावर घेऊन अंगठ्यानें न दाबतां सगळ्या पंजानें हळूच धरावें; तें सर्वत्र सारखेंच मऊ लागतें. साल हाताला गुळगुळीत व पातळ वाटते. परमुलखांतील फळाची साल बहुधा जाड असते. तेथें वरून टणक पण आंत मऊ अशी जाणीव होते. पूर्ण पिकल्यावर हापूस किंचित् सुरकुततो. पुष्कळ गृहिणी सुरकुती पाहून फळ परत ठेवतात. वास्तविक त्या दिवशीं तें फळ सर्वांत गोड असतें.

पांचवी पायरी सुरीची. विक्रेता कापून दाखवितो तें फळ त्यानें निवडलेलें असतें. आपण अदबीनें म्हणावें, 'अहो, खालच्या थरांतलें हें एक कापा. त्याचे पैसे मी देतों.' प्रामाणिक विक्रेता यास हरकत घेणार नाहीं. गर केशरी असावा, पिवळा नसावा. त्यांत रेषा नसाव्यात. कोयीपर्यंत रंग सारखा असावा. कोयीजवळ गर पांढरट, घट्ट व आंबट आणि सालीजवळ मात्र मऊ, असें असेल तर फळ कोंवळें काढून बळेंच पिकविलें आहे. पेटी घेतांना दोन्ही थर, शक्य तर तिन्ही थर, वर काढून पाहावे. पेटी ओतून दाखवा म्हणण्यांत संकोच कसला ? आपण सोनें घेतांना तराजू पाहतोंच कीं नाहीं ?

येथें तीन समजुतींचा खुलासा केला पाहिजे. पुष्कळजण आंबा पाण्यांत टाकून पाहतात : बुडला तर अस्सल, तरंगला तर खोटा. पाण्यांत बुडणें हें फळ पक्व असल्याचें लक्षण आहे, तें कोठल्या गांवचें आहे याचें नव्हे. धारवाडचा तयार आंबाहि बुडतो. दुसरी गोष्ट साक्याची. वरून निर्दोष दिसणारें फळ कापल्यावर आंत कांहीं भाग पांढरट, स्पंजासारखा व बेचव निघतो. त्याला साका म्हणतात. हा हापूस जातीचाच दोष आहे आणि तो बाहेरून डोळ्यांना दिसत नाहीं. तेव्हां एका फळांत साका निघाला म्हणून विक्रेत्यास लबाड ठरविणें हा अन्याय होईल. तिसरी समजूत अशी कीं महाग तेवढें खरें. लबाड विक्रेत्याला भाव चढवून सांगण्यास कोणी अडवीत नाहीं. उलट स्वस्ताईनें संशय येतो हें तो जाणतो.

पिकविण्याच्या प्रकाराविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण तेथें प्रश्न पैशांचा नसून प्रकृतीचा आहे. जुनी रीत आढीची : भाताच्या पेंढ्यांत फळें थरांथरांनीं ठेवावीं आणि त्यांच्या आंगच्या उष्णतेनेंच तीं पिकूं द्यावीं. फळ पिकतांना स्वतःच इथिलीन नांवाचा वायु सोडतें. त्या वायूनेंच इतर फळेंहि पिकतात. बंदिस्त खोलींत हाच वायु ठराविक प्रमाणांत सोडून फळें पिकविण्यास सरकारची परवानगी आहे. दहा लक्ष भागांत शंभर भाग ही त्याची मर्यादा. परंतु कॅल्शियम कार्बाइडची पुडी पेटींत ठेवून फळें पिकविण्यास कायद्यानें बंदी आहे. त्या भुकटीला ओल लागली कीं असिटिलीन वायु सुटतो. तो रंग चढवितो, गोडी चढवीत नाहीं. शिवाय त्या भुकटींत सोमल व फॉस्फरस यांचे अंश असूं शकतात. पेटी हुंगतांना लसणासारखा उग्र दर्प आला किंवा पेंढ्यांत कागदाची पुडी सांपडली, तर तो माल घरांत नेऊं नये. आणि आंबा कोठूनहि आणिला तरी खाण्यापूर्वीं तो स्वच्छ धुवावा व कांहीं वेळ पाण्यांत ठेवावा. आपल्या आज्या हेंच करीत. देठाचा चीक त्यामुळें निघून जातो.

आतां शेवटच्या साक्षीदाराकडे वळूं : छाप आणि चिठ्ठी. भौगोलिक निर्देशनाखालीं प्रत्येक बागाइतदाराला स्वतःची नोंद करून 'अधिकृत वापरकर्ता' व्हावें लागतें. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामापासून एक पाऊल पुढें टाकलें. नोंदलेल्या बागाइतदारांना त्यांच्या झाडांच्या प्रमाणांत मोजक्या चिठ्ठ्या द्यावयाच्या आणि प्रत्येक फळावर त्यांतील एक चिकटवावयाची, अशी ती व्यवस्था आहे. प्रत्येक चिठ्ठीवरील क्रमांक निराळा. त्याचा एक भाग दर्शनीं बाजूस असतो, दुसरा पाठीमागें झांकलेला असतो. फोनवरून पडताळा पाहिला कीं या दोन भागांचा मेळ बसतो किंवा नाहीं तें कळतें. एकाच चिठ्ठीच्या हजार नकला काढल्या तर हजार फळांवर एकच क्रमांक येईल आणि चोरी उघडकीस येईल, ही त्यांतील युक्ति. झाडें मोजून चिठ्ठ्या दिल्यामुळें बाग लहान आणि माल मोठा असा चमत्कारहि घडत नाहीं.

पण या युक्तीचें एक मर्म आहे. पडताळा पाहणारा गिऱ्हाईक नसेल तर ही चिठ्ठी म्हणजे नुसता रंगीत कागद. मी बाजारांत पाहतों, लोक चिठ्ठी आहे एवढें पाहून समाधान पावतात. क्रमांक कोणी वाचीत नाहीं. नकली चिठ्ठी छापणाऱ्याचा सारा भरंवसा आपल्या या आळसावर असतो. घरोघरीं मुलांच्या हातीं फोन आहे. पेटी घेण्यापूर्वीं त्यांतील दोन-तीन निरनिराळ्या फळांवरील क्रमांक त्यांनाच पडताळावयास सांगावे. सर्व फळांवर क्रमांक एकच असेल तर पडताळ्याचीहि गरज नाहीं; पेटी तेथेंच ठेवावी.

याखेरीज पावती मागण्याचा नेम ठेवावा. 'आंबे, दोन डझन' अशी पावती उपयोगाची नाहीं. तीवर 'देवगड हापूस' असें लिहून घ्यावें. जो तोंडानें शंभरदां देवगड म्हणतो तो कागदावर एकदां लिहावयास कां कूं करूं लागला, तर आपली परीक्षा तेथेंच संपली. पावती असली म्हणजे ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याखालीं दाद मागतां येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यतेचा दूरध्वनि क्रमांक १९१५ असा आहे. आणि सर्वांत बरवें म्हणजे ओळखीच्या बागाइतदाराकडून किंवा त्यांच्या सहकारी संस्थेकडून थेट माल मागवावा. उपनगरांतील बहुतेक इमारतींत कोंकणांतील एखादें तरी कुटुंब असतें. दहा बिऱ्हाडांनीं मिळून मागणी केली तर पेट्या गांवाहून दारांत येतात आणि मधल्या वाटेवर नांव बदलण्यास जागाच उरत नाहीं.

एवढा खटाटोप एका फळासाठीं कां करावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर देऊन मी संपवितों. खोट्या नांवानें तिघांचें नुकसान होतें. पहिलें आपलें, हें उघड आहे. दुसरें देवगडच्या बागाइतदाराचें. तो थंडींत मोहोर राखतो. अवकाळी पाऊस, तुडतुडे आणि उन्हाचा तडाखा यांतून फळ वांचवितो. झेल्यानें एकेक फळ अलगद उतरवितो. त्याची पेटी मुंबईंत येते तेव्हां तिच्याशेजारीं त्याच्याच नांवाची दुसरी पेटी कमी खर्चांत उभी असते. खऱ्या मालाचा भाव खोट्या मालाच्या भावानें पडतो. आणि बेचव फळ खाऊन 'यंदा देवगडमध्यें कांहीं राम नाहीं' असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां ज्याचा दोष नाहीं त्याच्या माथीं तो मारतों. असें कांहीं वर्षें चाललें तर पुढची पिढी कलमांची निगा कशासाठीं राखील ?

तिसरें नुकसान कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें धारवाडकडील शेतकऱ्याचें. त्यानेंहि घाम गाळून आंबा पिकविला. पण बाजारांत त्याचें नांव पुसून दुसऱ्याचें लावण्यांत आलें. त्याचा आंबा चांगला निघाला तर कीर्ति देवगडला, वाईट निघाला तर शिवी देवगडला. त्याच्या पदरीं नांवहि नाहीं आणि नांवाचा भावहि नाहीं. दोन्ही प्रांतांचे शेतकरी परस्परांचे वैरी नव्हेत. दोघांच्या मधें बसून जो पेट्यांवरचीं नांवें फिरवितो, तो दोघांचाहि आणि आपलाहि वैरी.

म्हणून पुढच्या वेळीं आरोळी ऐकून थांबाल तेव्हां प्रथम पंचांग आठवा, मग फळ हुंगा, पाहा, हातीं धरा, कापून घ्या. त्यानंतर चिठ्ठी पडताळा आणि पावती मागा. आणि विक्रेता सरळपणें 'साहेब, हा कर्नाटकचा आहे, भाव कमी आहे' असें म्हणाला, तर त्याच्याकडून अवश्य एक डझन घ्या. बाजारांत खरें बोलणाऱ्याचा माल खपला पाहिजे. तो खपला तरच खरें बोलणें टिकेल.